मैदान आहे, होय. पण मुलं पळतात किती मिनिटं?

प्रति,
शालेय शिक्षण विभागातील अधिकारी,
तसेच पुणे शहरातील सर्व संस्थाचालक आणि मुख्याध्यापक

विषय : शाळा मुलांना रोज किती हालचाल देते, हे मोजण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

मी एकतीस वर्षं पुण्यात क्रीडा शिक्षक होतो. निवृत्त होऊन सात वर्षं झाली. शिट्टी अजून दाराच्या खुंटीला लटकते, गुडघे मात्र गेले. हे पत्र मी तीन महिने टाळत होतो, कारण ज्या गोष्टीबद्दल तक्रार करायची आहे ती मी स्वतः अर्धं आयुष्य केली आहे.

माझी नात सहावीत आहे. जुलैत सायकलवरून पडून तिचं उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, मग काही दिवस हात गळ्यात. दिवाळीच्या आधी प्रगतिपुस्तक आलं. शारीरिक शिक्षण : अ-१. खाली वर्णनात्मक नोंद : ‘मैदानी खेळांत उत्साहाने सहभागी होते.’ आम्ही सगळे हसलो. मग सहज म्हणून सोसायटीतल्या तिच्या वर्गातल्या दोन मुलांची पुस्तकं मागून पाहिली. अक्षर तेच, वाक्यही तेच.

ते वाक्य मी लगेच ओळखलं. माझ्याकडे अशी आठ-दहा वाक्यं असायची. सत्र संपताना अडीचशे मुलांच्या नोंदी दोन रात्रींत भरायच्या असत. बायको हजेरीपटावरून नावं वाचायची आणि मी वाक्यं आलटून पालटून उतरवायचो. त्यातलं कोणतं मूल मैदानावर पळालं आणि कोणतं पायरीवर बसून राहिलं, हे मला निम्म्या मुलांच्या बाबतीत सांगता आलं नसतं. कोणी विचारलंही नाही. एकतीस वर्षांत एकाही तपासणीत मला कोणी ‘तुमच्या तासाला मूल किती वेळ पळतं?’ असं विचारलं नाही. टाचण वही पाहिली, साहित्याची नोंदवही पाहिली, डंबेल्स आणि लेझीम मोजून घेतले. मुलांची हालचाल कोणी मोजली नाही.

मी अजूनही गप्प बसलो असतो. पण नोव्हेंबरच्या पालकसभेत सांगण्यात आलं की सहावी-सातवीचा शनिवारचा पीटीचा तास फेब्रुवारीपर्यंत ऑलिम्पियाडच्या सरावाला दिला आहे. मी हात वर करून विचारलं, मग मुलांनी खेळायचं कधी? उत्तर मिळालं, ‘काका, आपल्या शाळेला स्वतःचं मैदान आहे. माहिती भरताना आपण सगळीकडे होय आहोत.’ बाई मनापासून बोलत होत्या, त्यात लबाडी नव्हती. त्यांना खरंच वाटत होतं की हे माझ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

तो ‘होय’ हाच माझ्या तक्रारीचा विषय आहे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान हवं असं लिहिलं आहे. खेळाचं साहित्य हवं, असंही आहे. सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर आरोग्य आणि शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक हवा, हेही आहे. त्याच परिशिष्टात पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास अध्यापन हवं असं आकड्यांत बांधून दिलं आहे. म्हणजे शिकवण्याचे तास मोजले आणि खेळण्याची फक्त जागा मोजली. यू-डायस म्हणजे शाळा दरवर्षी सरकारला भरून देतात ती माहिती, तिच्यातही मैदान आहे की नाही, एवढंच. मैदान ही जमीन आहे. तिच्यावर गाड्या लावता येतात, मांडव घालता येतो, स्नेहसंमेलनाचं स्टेज दहा दिवस उभं ठेवता येतं. ‘होय’ तरीही ‘होय’च राहतो.

पालकसभेनंतरच्या आठवड्यात मी एक उद्योग केला. आमच्या गॅलरीतून एका शाळेचं मैदान दिसतं. कोणती ते लिहीत नाही, कारण दोष त्या शाळेचा नाही. कुठल्याही गॅलरीतून हेच दिसलं असतं. माझं जुनं स्टॉपवॉच घेऊन बसलो. एकच मुलगी निवडली : दोन वेण्या, लाल रिबिनी, पायात गणवेशाचे काळे बूट. ती पळाली किंवा भरभर चालली की घड्याळ चालू, उभी राहिली की बंद.

तास पस्तीस मिनिटांचा. घंटा झाल्यावर वर्ग जिन्यातून उतरून रांगेत उभा राहीपर्यंत सहा मिनिटं गेली. हजेरी, ‘सावधान-विश्राम’, गणवेशाची तपासणी, पांढरे बूट न घातलेल्यांना बाजूला काढणं यात आणखी पाच. लाल रिबीन बाजूला निघाली. दोन मिनिटांनी तिला परत घेतलं. मैदानाला दोन फेऱ्या झाल्या, त्यात ती छान पळाली. मग खो-खो. संघ पाडण्यात चार मिनिटं. ती दुसऱ्या फळीत होती, म्हणून कडेला बसली. तिचा नंबर आला तेव्हा ती खांबाजवळच्या चौकात बसली. तिला दोनदा खो मिळाला. पहिल्यांदा ती बाणासारखी सुटली, आणि वरून पाहताना मीच ‘पळ, पळ’ म्हणून ओरडलो. दुसऱ्या वेळी चार पावलांत तिने पुढे खो दिला. मग घंटा. घड्याळात सहा मिनिटं चाळीस सेकंद.

एका मुलीच्या एका तासावरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. सिद्ध व्हावं म्हणूनच तर मोजा म्हणतो आहे.

पण खो-खोचा हिशेब जरा थांबून करू, कारण हा खेळ मी जन्मभर शिकवला. त्याचे नियम ठरवायला १९१४ साली याच शहरात, डेक्कन जिमखान्यावर, समिती बसली होती. पुण्याचा तो अभिमान आहे आणि माझाही. खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघाचे नऊ खेळाडू मैदानात. त्यातले आठ चौकात बसलेले, एकजण धावतो. समोरचे धावक तिघे. म्हणजे कोणत्याही क्षणी पळणारे फक्त चार. संघातल्या नऊ-नऊ खेळाडूंसाठी हा अफलातून खेळ आहे, दमछाक करणारा. पण वर्गात बावन्न मुलं असतील तर चार पळतात, आठ बसतात आणि चाळीस जण बघतात. शिवाय संघ निवडताना जी मुलं आधीच चपळ ती पहिल्या फळीत. ज्या मुलाला हालचालीची सगळ्यात जास्त गरज ते सगळ्यात जास्त वेळ बसलेलं. मी असे शेकडो तास घेतले आणि टाचणात ‘खो-खो : सराव’ असं लिहिलं. तेव्हा हे गणित डोक्यात आलं नाही, कारण वरून पाहायला माझ्याकडे गॅलरी नव्हती.

हेच बावन्न जण चार गटांत विभागून साखळी खेळले, दोरीच्या उड्या मारल्या, रिले पळाले, तर पस्तीसातली वीस मिनिटं सहज हलतात. त्यासाठी जागा वाढत नाही की खर्च वाढत नाही. फक्त तास कसा घेतला, हे कोणीतरी पाहणार आहे, एवढं शिक्षकाला माहीत असावं लागतं.

आता ‘हालचाल कशी मोजणार?’ हा प्रश्न. तो सुटलेला आहे. अमेरिकेत १९९१ साली पीटीचे तास निरखण्याची ‘सॉफिट’ नावाची पद्धत तयार झाली, ती जगभर वापरली जाते. वर्गातली चार मुलं निवडायची. एकेकाला चार-चार मिनिटं पाहायचं. दहा सेकंद पाहायचं, दहा सेकंदांत लिहायचं. हालचालीसाठी लिहायचा फक्त एक आकडा : १ म्हणजे आडवं पडलेलं, २ बसलेलं, ३ उभं, ४ चालणारं, ५ त्याहून जोरात. तासाच्या शेवटी ४ आणि ५ किती आले ते मोजायचं. निम्मा तास त्यात गेला तर तास चांगला, अशी सर्वसाधारण अपेक्षा. कागद, पेन आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ एवढंच लागतं. गॅलरीत मी जे केलं त्याचं हे शिस्तशीर रूप.

मग तुम्ही म्हणाल, मुलांच्या तंदुरुस्तीच्या चाचण्या आम्ही घेतोच की. घेता, मान्य. उंची-वजनावरून बीएमआय, ५० मीटर धावणं, ६०० मीटर धावणं, बसून पुढे वाकणं, पोटाचे व्यायाम, दंड. चाचण्या चांगल्या आहेत. पण त्या मुलाला मोजतात, शाळेला नाही. सहाशे मीटरला मागे पडलं तर नापास कोण? मूल. ते मागे का पडलं, वर्षभर त्याला शाळेने किती पळू दिलं, याची ओळ त्या तक्त्यात नाही. आणि वजनकाट्यावर उभं करून सगळ्या वर्गासमोर किलो ओरडून सांगण्याचा जो प्रकार चालतो, त्याने एखादी जाड मुलगी पुढचं वर्षभर पीटीच्या दिवशी पोट दुखतं म्हणून घरी राहते. असल्या चिठ्ठ्या मी खोकंभर पाहिल्या आहेत. तेव्हा मी त्यांना ‘बहाणे’ म्हणायचो.

तंदुरुस्त शाळेचा ध्वज आणि तारे मिळवायची योजना आहे, तिथेही ध्वजासाठी शाळा स्वतःच स्वतःबद्दल जाहीर करते. २९ ऑगस्टला राष्ट्रीय क्रीडा दिन आणि १५ जानेवारीला खाशाबा जाधवांच्या जयंतीचा राज्य क्रीडा दिन, हे दोन दिवस मैदान फुललेलं असतं. फोटो निघतात, वर पाठवले जातात. उरलेल्या दिवसांचे फोटो कोणी मागत नाही.

दहावी-बारावीच्या वाढीव क्रीडा गुणांमुळेही असाच एक चष्मा चढला आहे. शाळेने खेळात काय केलं, असं विचारलं की जिल्ह्याला, राज्याला किती गेले ते सांगितलं जातं. हजार मुलांच्या शाळेत अशी वीस असतील. ती वीस मुलं शाळेने काही केलं नसतं तरी खेळली असती. त्यांचे आईबाप त्यांना पहाटे साडेपाचला मैदानावर सोडतात. मी विचारतो आहे ते उरलेल्या नऊशे ऐंशी मुलांबद्दल.

त्यातही मुलींबद्दल वेगळं लिहायलाच हवं. सातवीनंतर मुली हळूहळू कडेला सरकतात. स्कर्टवर पळायला लाज वाटते, पीटीचा गणवेश ठरल्या दिवशीच चालतो, स्वच्छतागृहात पाणी नसतं, आणि खेळून घामेजलं तर पुढच्या तासाला तसंच बसायचं. पाळी आलेली असेल तर कोणाला सांगायचं, सर पुरुष. माझ्याकडे मुली ‘सर, आज नको’ एवढंच म्हणायच्या आणि मी मान हलवायचो. दोघांचीही सुटका. एकूण वर्गाची सरासरी काढाल तर ही गोष्ट तिच्यात बुडून जाईल. म्हणून मुलींची मिनिटं वेगळी मोजा.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी. आठवड्याची ४२० मिनिटं झाली. जगभरातल्या ११ ते १७ वयातल्या मुलांपैकी ८१ टक्के मुलं तेवढी हलत नाहीत, असा त्यांचाच २०१६ च्या माहितीवरचा हिशेब आहे. आमच्या नातीच्या वेळापत्रकात पस्तीस मिनिटांचे दोन तास, म्हणजे कागदावर ७० मिनिटं. आता शनिवारचा तास गेला, उरली ३५. त्यातली हालचाल किती, ते वर लाल रिबिनीच्या हिशेबात आलं.

सगळी साठ मिनिटं शाळेने द्यावीत असं माझं म्हणणं नाही. ब्रिटनच्या सरकारने २०१६ मध्ये मुलांच्या लठ्ठपणाविषयीच्या आराखड्यात निम्मी, ३० मिनिटं, शाळेकडे दिली आणि उरलेली घराकडे. ही वाटणी मला पटते. पूर्वी घराचा वाटा आपोआप निघायचा. पेठेतल्या वाड्यांत राहणारी आमची मुलं शाळेत चालत जायची, संध्याकाळी बोळात विटी-दांडू, लगोरी. आज धायरी-आंबेगावचं मूल व्हॅनमधून शाळेत, व्हॅनमधून क्लासला आणि लिफ्टने घरी जातं. सोसायटीत पाटी : ‘पार्किंगमध्ये खेळू नये.’ पाटी लावणाऱ्या कमिटीत मीही आहे, तेही लिहून टाकतो.

‘मैदानच नाही’ असं पेठांतल्या आणि चार मजली इमारतीत भरणाऱ्या शाळा म्हणतात. खरं आहे ते. पण स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग शहरातल्या एका प्राथमिक शाळेने २०१२ साली रोज पंधरा मिनिटं सगळ्या मुलांना बाहेर काढून पळवायला किंवा चालवायला सुरुवात केली. गणवेश बदलायचा नाही, साहित्य नाही, स्पर्धा नाही. आता ती पद्धत कितीतरी देशांत पोहोचली आहे. स्टर्लिंगमध्ये पाऊस आणि थंडी आपल्याहून जास्त. आपल्याकडे गच्ची आहे, पॅसेज आहे, समोरची महापालिकेची बाग आहे, दुपारच्या अधिवेशनात रिकामं पडलेलं शेजारच्या शाळेचं मैदान आहे. मैदान नसलेल्या शाळेने रोज वीस मिनिटं दिली तर ती मैदान असलेल्या पण मुलांना बसवून ठेवणाऱ्या शाळेपेक्षा वर यायला हवी. आजच्या ‘होय/नाही’मध्ये ती कायम खाली राहते.

मोजणीची सक्ती केली की काय होतं, याचं एक उदाहरण कॅलिफोर्नियाचं आहे. तिथे कायद्यानेच प्राथमिक शाळांनी दर दहा शालेय दिवसांत किमान २०० मिनिटं शारीरिक शिक्षण द्यायचं. कायदा होता, पाळत बरेच जण नव्हते. पालक कोर्टात गेले. शेवटी अनेक ठिकाणी शिक्षकांनी मिनिटांची नोंद ठेवायची असं ठरलं. म्हणजे कायदा असूनही मिनिटं लिहिली जाईपर्यंत तो कागदावरच होता. आपल्याकडे मिनिटांचा कायदाही नाही आणि नोंदही नाही.

आता मागण्या.

पहिली आणि मुख्य : ‘मैदान आहे का’च्या जोडीला प्रत्येक इयत्तेला आठवड्यात प्रत्यक्ष किती मिनिटं हालचाल मिळाली, हे विचारा. वेळापत्रकातली मिनिटं नकोत, झालेली हवीत.

दुसरी : ही माहिती ॲपमध्ये भरायला लावू नका. हात जोडून सांगतो. शिक्षक आधीच ‘तातडीचे’ संदेश आणि ऑनलाइन माहिती यांत बुडाले आहेत. आणखी एक लॉगिन आलं की मी अडीचशे नोंदी भरल्या तशाच या भरल्या जातील. त्याऐवजी शाळेच्या फाटकावर एक फळा लावा. दर सोमवारी खडूने लिहा : गेल्या आठवड्यात पाचवी इतकी मिनिटं, सहावी इतकी, मुली इतकी. खोटं लिहिलं तर घरी जाऊन मूलच सांगेल. फाटकावरच्या फळ्याला पोर्टलपेक्षा जास्त डोळे असतात.

तिसरी : सत्रातून दोनदा बाहेरच्या माणसाने येऊन तास पाहावा. त्यासाठी नवी पदं नकोत. पुण्यात शारीरिक शिक्षणाची महाविद्यालयं आहेत, बी.पी.एड.चे विद्यार्थी सरावासाठी शाळांत जातातच. त्यांना चार दिवस हीच मोजणी करू द्या. उद्या ते शिक्षक होतील तेव्हा त्यांना गॅलरीतून पाहायची सवय असेल.

चौथी : पीटीचा तास दुसऱ्या विषयाला दिला तर तो त्याच आठवड्यात परत द्यावा, आणि दिला का ते फळ्यावर लिहावं. गणिताच्या बाई तास मागतात तेव्हा क्रीडा शिक्षक नाही म्हणू शकत नाही. शाळेतली त्याची पायरी कोणती ते तुम्हाला मी सांगायला नको. बरेचदा त्या तासात तो परीक्षेचे गठ्ठे बांधत असतो.

आणि पाचवी : मुलाचं वजन वर्गात मोठ्याने सांगणं बंद करा. यासाठी तर परिपत्रकाचीही गरज नाही.

यातलं काही अवघड असेल तर एका शहरात, वीस शाळांत, एका सत्रापुरतं करून पाहा. आकडे वाईट आले तर कोणाला नोटीस काढू नका. नोटिसा निघाल्या की पुढच्या सत्रात सगळे आकडे सुंदर येतील आणि मुलं तिथेच बसलेली असतील. पहिलं वर्ष नुसतं पाहण्याचं ठेवा.

बी.पी.एड.च्या मुलांना ही पद्धत शिकवायला मी तयार आहे. मानधन नको, चहा चालेल. सकाळी साडेसातनंतर कधीही.

आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडा शिक्षक
सिंहगड रस्ता, पुणे

ता. क. : हे पत्र लिहून झाल्यावर नातीला विचारलं, ‘आज गुरुवार, पीटी झाली का?’ ‘झाली ना आबा.’ ‘काय खेळलात?’ ‘डॉजबॉल. मी पहिल्यांदाच आउट झाले.’ ‘मग?’ ‘मग काय, बसले.’